दाराबाहेरचं गाणं

गावात त्यांना सगळे धाकटे मास्तर म्हणत. पन्नाशीला टेकले, केस पांढरे झाले, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटे ते धाकटेच. कारण थोरले मास्तर, म्हणजे त्यांचे वडील, मरून वीस वर्षं झाली तरी जागा सोडायला तयार नव्हते. बँकेत गेलं की खिडकीपलीकडचा माणूस म्हणे, "अरे वा, मास्तरांचे चिरंजीव!" दवाखान्यात गेलं की डॉक्टर आधी वडिलांचं एखादं गाणं गुणगुणत आणि मग छातीला नळी लावत. बापाच्या सावलीत ऊन लागत नाही हे खरं, पण तिथे काही उगवतही नाही. धाकट्या मास्तरांचं लग्नसुद्धा असंच उगवायचं राहून गेलं. घरात ते आणि ऐंशीच्या घरातली आई, एवढाच कारभार.

थोरल्या मास्तरांचं काम गावाने डोक्यावर घ्यावं असंच होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. काचेच्या कारखान्यात ते भांडारात कारकून होते. भट्टीपुढे उभी राहून दिवसभर लोखंडी नळीत फुंकणारी माणसं त्यांना रोज दिसत. ह्यांच्या छातीत एवढा दम आहे तर तो सगळा बाटल्यांत कशाला घालायचा, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी त्या माणसांना आपल्या घराच्या पुढच्या खोलीत गोळा केलं आणि गायला शिकवलं. त्या एका खोलीतून कामगारांचा गायकवृंद उभा राहिला, दूरदूरची सभागृहं गाजवून आला. मास्तर मात्र भारी कडक. सूर मिळाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि तालीम चालू असताना दार वाजवायचं नाही, मग बाहेर आकाश का कोसळेना.

त्यांची एक गोष्ट तर शाळेतल्या पोराटोरांनाही पाठ होती. त्यांची तान्ही मुलगी तापाने फणफणली होती. तालीम ऐन रंगात असताना निरोप्या आला आणि त्याने मास्तरांच्या कानात सांगितलं की मुलगी गेली. मास्तरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण ताल देणारा हात थांबला नाही. गाणं पुरं झालं, आणि मगच ते उठले. धाकटे मास्तर त्या मुलीच्या पाठचे. बहीण त्यांनी पाहिली नव्हती. गोष्ट मात्र इतक्या वेळा ऐकली होती की सांगणारा श्वास कुठे घेणार हेही त्यांना ठाऊक झालं होतं, आणि तरी दर वेळी अंगावर काटा यायचाच.

तर अशा घरातले हे धाकटे. उच्च माध्यमिक शाळेत संगीत शिकवायचे. शिकवायचे म्हणजे आठवड्याला एक तास, आणि तोही गणिताच्या सरांनी मागितला की मुकाट्याने देऊन टाकायचा. त्या वर्षी शाळेच्या सभागृहाला थोरल्या मास्तरांचं नाव द्यायचं ठरलं. प्राचार्यांनी धाकट्यांना बोलावून घेतलं.

"समारंभाला मास्तरांच्या जीवनावर संगीत नाटक करायचं. अकरावी-बारावीची मुलं घ्या. तुमच्याशिवाय कोण करणार?"

"चाली वडिलांच्याच घेऊ का?" ह्यांनी विचारलं.

"छे, छे. नव्या करा की. तुम्ही करता ना चाली?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना हा प्रश्न विचारला होता. हो, करत होते. कपाटभर केल्या होत्या आणि कोणाला ऐकवल्या नव्हत्या. नाटक बापाचं असेना का, पण चाली माझ्या, असं मनाशी म्हणत ते घरी आले, आणि आईने विचारलं तेव्हा चक्क हसले.

बारावीच्या मुलांना घेऊन नाटक करणं म्हणजे बेडकांची मोजदाद. एक पकडावा तर दुसरा उडी मारतो. कोणाची शिकवणी, कोणाची प्रात्यक्षिकं, कोणाचे वडील दारात उभे राहून "मार्क कमी आले तर जबाबदार कोण?" म्हणून विचारणार. थोरल्या मास्तरांचं काम करणाऱ्या मुलाला मिशी चिकटवली की शिंका यायच्या. वृंदात गाणारी अकरावीची पोरं मागच्या रांगेत भेंड्या लावायची. सभागृह परीक्षेचंही असल्यामुळे तालमीआधी बाकं भिंतीला सारायची आणि संपली की पुन्हा मांडायची, हा व्यायाम वेगळाच. कीबोर्डची एक पट्टी मेलेली होती. धाकटे मास्तर तिला चुकवून असे वाजवत, की तो सूर मुळी जगात नाहीच.

पण त्यांची एक पद्धत होती, आणि ती मुलांना आवडली. ज्याने ज्या माणसाचं काम करायचं, त्याने त्या माणसाला ओळखणारं कोणीतरी गाठायचं आणि त्याच्यापाशी बसून ऐकायचं. मुलं म्हाताऱ्या कामगारांच्या घरी गेली, भाजलेले हात बघून आली, फुंकणी कशी धरतात ते शिकून आली. निरोप्या येतो तो प्रसंग सगळ्यांत आधी बसला. त्यासाठी मुलांनी प्लायवूडचं एक दार केलं, चौकटीसकट, आणि ते रंगमंचाच्या मधोमध उभं केलं. दाराच्या एका बाजूला वृंद गातोय, दुसऱ्या बाजूने निरोप्या येतोय. तालमीलाच शिपाई डोळे पुसायला लागला, तेव्हा प्राचार्य म्हणाले, "ह्यावर पडदा पाडला तरी चालेल."

मास्तरांच्या बायकोचं काम करणारी मुलगी बारावीची होती. सावळी, किडकिडीत, आणि जिभेला धार. आवाज मात्र असा की बाकीची पोरं आपोआप गप्प व्हायची. तिला नाटकात दोन वाक्यं होती. एक, "जेवण वाढू का?" आणि दुसरं, "दमलात का?"

"सर, ही बाई फक्त ताटं वाढायला जन्माला आली होती का?" तिने विचारलं.

पोरं हसली. मास्तरही हसले. म्हणाले, "ती बाई अजून आहे. माझी आई. जा, तिलाच विचार."

ते बोलून गेले खरे, पण त्यांच्या डोक्यात होतं की पोरगी जाईल, मास्तरांना काय आवडायचं वगैरे विचारेल आणि येईल. ती रविवारी दुपारी गेली. मग पुढच्या रविवारी पुन्हा गेली. मास्तर तेव्हा तालमीचं सामान गोळा करत बाहेर फिरत. घरी येऊन बघावं तर ह्या दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेल्या, आणि ह्यांना पाहिलं की अळीमिळी गुपचिळी. आईला मैत्रीण मिळाली म्हणून त्यांना बरंच वाटलं.

मग एक दिवस तालीम संपल्यावर मुलगी मागे थांबली. बाकं मांडून झाली होती, बाकीची पोरं पांगली होती.

"सर, मी एक गाणं लिहिलंय. आजींचं आहे. त्यांनी सांगितलं तसंच लिहिलंय. त्यांना विचारूनच."

तिने ते गायलं नाही, नुसतं म्हणून दाखवलं. मान खाली घालून, एका बाकाच्या कडेला धरून.

"आत चालला ताल, बाहेर मी उभी,
कडेवर लेक, कपाळ तापलेलं.
एक कडवं संपू दे, मग वाजवीन म्हटलं,
एक कडवं संपलं, दुसरं लागलेलं."

पुढेही होतं. कडेवरच्या मुलीला झटका आला, तिचे डोळे फिरले, तरी आई दाराबाहेरच उभी राहिली. आत पुरुष गात होते. गाणं संपलं, दार उघडलं, तोवर मुलगी निपचित पडली होती. दवाखान्यात नेली ती नुसती न्यायची म्हणून.

धाकट्या मास्तरांनी विचारलं, "आणि निरोप्या?"

"निरोप्या नव्हताच, सर. आजीच होत्या."

ते घरी गेले ते पाय ओढतच. आई भाजी चिरत होती. त्यांनी बूटही काढले नाहीत. म्हणाले, "आई, ती मुलगी म्हणते ते खरं?"

"तिने लिहिलं का?" आईने विचारलं. "चांगलं लिहिलंय?"

"खरं आहे का?"

आईने विळी बाजूला सरकवली. तिच्या चेहऱ्यावर दुःख दिसेल असं त्यांना वाटलं होतं. दिसला तो सुटकेचा भाव, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"दाराला कडी नव्हती रे," ती म्हणाली. "नुसतं लोटलेलं होतं. कोपराने ढकललं असतं तरी उघडलं असतं. मला एवढं कळलं नाही? मग मी माणूस कसली? पण ह्यांचा दरारा असा होता की हातच उठला नाही. म्हटलं, एवढं गाणं होऊ दे. पन्नास वर्षं मी तिथेच उभी आहे बघ."

"बाबांना माहीत होतं?"

"एकटेच बाहेर येऊन, दार मागे लोटून त्यांनीच तर पाहिलं. माझ्याकडे बघून म्हणाले, सांगायचं नाही का! मी काय बोलणार? पुढे लोक काहीबाही बोलायला लागले. कोणीतरी निरोप्या घातला त्यात. ह्यांनी नाही म्हटलं नाही. मग ह्यांनाही तसंच आठवायला लागलं. मी चहा घेऊन बाहेर यायची तेव्हा हे पाहुण्यांना तीच गोष्ट सांगत असायचे. मी कप ठेवायची आणि आत जायची."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"तुझा बाप होता ना तो," आई म्हणाली. मग चिरलेली भाजी गोळा करत म्हणाली, "पोरीने विचारलं म्हणून सांगितलं. मला कोणी विचारलंच नव्हतं आजवर. आता होऊ दे ते गाणं. लोकांना कळू दे. मला नावं ठेवली तरी चालेल. माझी मुलगी कशी गेली ते एकदा कोणीतरी मोठ्याने म्हणू दे."

"होईल," धाकटे मास्तर म्हणाले. आणि तेव्हा ते मनापासून म्हणाले होते, एवढं श्रेय तरी त्यांच्या पदरात टाकायला हवं.

त्यांनी त्या गाण्याला चाल लावली. कपाटातल्या सगळ्या चाली एकीकडे आणि ही एकीकडे. ती वडिलांसारखी नव्हती, कोणासारखीच नव्हती. सुरुवातीला वृंदाचं गाणं दारापलीकडे चालू असतं, ते हळू होत थांबतं, आणि पूर्ण शांततेत एकच सूर वाजतो. तो सूर धरून मुलीने सुरू करायचं. निरोप्याचा प्रसंग त्यांनी काढला नाही. तो गाव सांगतं तसा आधी होऊ द्यायचा, आणि लगेच पाठोपाठ हे. तुम्ही म्हणता ते असं, आणि झालं ते असं. पहिल्यांदा सगळं सलग केलं तेव्हा अकरावीची मागची रांगसुद्धा भेंड्या विसरली. मिशीवाला पोरगा म्हणाला, "सर, आता मला मास्तर करायची भीती वाटते." त्या दिवशी धाकटे मास्तर घरी जाताना शीळ वाजवत गेले.

मुलीचा आवाज उत्तम, पण एक खोड होती. आधाराला सूर दिल्याशिवाय तिला पट्टी सापडायची नाही. अंदाजाने उचललं की ती भलतीकडे जायची आणि मग स्वतःवरच चिडायची. मास्तरांनी तिला घरातलाच धडा दिला. "घाई करायची नाही. माझ्याकडे बघायचं. मी सूर देईन. तो मिळाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." पोरगी कोणाचं ऐकणारी नव्हती, पण हे तिने ऐकलं. दारापाशी उभी राहायची, मान वळवून कीबोर्डकडे बघायची, आणि सूर आला की गाणं सुरू.

समारंभाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली आणि ती बघायला संस्थेचे अध्यक्ष आले. अध्यक्ष म्हणजे कोणी परका साहेब नव्हे. मिसरूड फुटली तेव्हापासून भट्टीवर काम केलेला, मास्तरांच्या वृंदातला पहिल्या रांगेतला गडी. धाकट्यांना त्याने खांद्यावर बसवून फिरवलं होतं आणि धाकटे त्याला काका म्हणत. काका पहिल्या प्रसंगापासून मान डोलावत होते. निरोप्या आला तेव्हा त्यांनी रुमाल काढला. मग मुलगी दारापाशी आली. गाणं संपेपर्यंत काका हलले नाहीत. प्राचार्यांनी त्यांच्याकडे बघून घाईघाईने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग थांबवली.

जिन्यात काकांनी धाकट्यांचा दंड धरला.

"हे वहिनींनी सांगितलं?"

"हो."

"म्हणजे ती बाहेर उभी होती." काका पायरीवर बसले. "मी होतो रे त्या दिवशी खोलीत. आत कोणी आलं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. निरोप्याचं कोणी काढलं देव जाणे. पण आम्हाला वाटायचं, तिकडे आत पोर गेली, नंतर कळलं. ती दारात उभी होती हे नव्हतं माहीत. गाणं संपल्यावर मास्तर म्हणाले होते, आज जमलं. आम्हीच म्हटलं, मास्तर, पुन्हा एकदा घेऊ. दोनदा गायलो आम्ही. मीच म्हटलं होतं पुन्हा घेऊ म्हणून."

काकांनी रुमाल पुन्हा डोळ्यांना लावला.

"उद्या वृंदातले उरलेसुरले सगळे येणार आहेत. कोणी काठी टेकत, कोणी पोराच्या आधाराने. आयुष्यात दुसरं काय केलंय त्यांनी? बाटल्या फुंकल्या, आणि हे गाणं गायलं. तेवढं एक चांगलं होतं. आता त्यांना सांगणार, की तुम्ही गात होता म्हणून पोर गेली? नको रे, धाकट्या. माझ्यासाठी नको म्हणत नाही. मला कळलं ते कळलं. त्यांना नको ऐकवूस."

अध्यक्षांनी दम दिला असता तर बरं झालं असतं. दमाला निदान उलटून बोलता येतं. म्हाताऱ्याच्या रडण्याला काय उत्तर देणार? आणि खरं सांगायचं तर धाकट्यांनाही मनातून हायसं वाटलं. कारण मुळात तेही टरकलेच होते. उद्यापासून आपण कोणाचे चिरंजीव होणार, हा विचार त्यांना रोज पहाटे जागं करत होता. मास्तरांचे चिरंजीव असण्याचा त्यांना कंटाळा होता, पण त्यावाचून त्यांच्यापाशी दुसरं होतं काय? माणूस जोखडाला शिव्या देतो आणि काढून घेतलं की मान चाचपत बसतो. त्यांनी काकांना हाताला धरून उठवलं आणि म्हटलं, "बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलीला बाजूला घेतलं आणि गाणं काढल्याचं सांगितलं. कारणंही सांगितली. वेळ पुरत नाही, प्रसंग लांबतो. तिने ती सगळी ऐकून घेतली.

"आजींना सांगितलंत?"

"सांगतो."

"सर, त्या मला काल म्हणाल्या, हे एक ऐकलं की मी मोकळी."

"मी सांगतो म्हटलं ना!" मास्तर ओरडले. त्यांचा आवाज थेट थोरल्या मास्तरांसारखा निघाला आणि शेजारी बाक उचलणारा पोरगा दचकला.

ते घरी गेले तेव्हा आई तयार होऊन बसली होती, वेळेच्या कितीतरी आधी. कपाटातले ठेवणीतले कपडे घातले होते, केस नीट विंचरले होते, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ती खुर्चीत ताठ बसली होती. कोणीतरी बोलवायला येणार असल्यासारखी. त्यांना सांगायचं होतं. तोंड उघडलंही.

"माझं गाणं आधी आहे की नंतर?" आईने विचारलं. "आधी असलं तर मला लवकर नेऊन बसव. पुढे ऐकू येईल अशी."

"नंतर आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या अंकात."

सभागृह खच्चून भरलं. बाहेर नवी पाटी लागली होती, तिच्यावर थोरल्या मास्तरांचं नाव. पहिल्या रांगेत वृंदातले म्हातारे, त्यांच्या मधोमध आई. कोणी तिला नमस्कार करत होतं, कोणी "वहिनी, आज मास्तर हवे होते" म्हणत होतं. धाकटे मास्तर रंगमंचाखाली, एका कडेला, कीबोर्डवर. तिथून त्यांना आईचा चेहरा दिसत होता. खुर्ची जरा फिरवता आली असती, पण मग रंगमंच दिसला नसता.

नाटक रंगलं. भट्टीच्या प्रसंगाला म्हातारे मोठ्याने हसले, मिशी पडली तेव्हा तर जास्तच. मग दुसरा अंक, प्लायवूडचं दार, वृंदाचं गाणं, निरोप्या. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. थोरल्या मास्तरांचं काम करणारा पोरगा अश्रू ढाळत ताल देत राहिला. इथे आता वृंदाने गाणं पुरं करायचं आणि सगळ्यांनी पुढे येऊन शेवटचं गौरवगीत सुरू करायचं, असं ठरलं होतं.

वृंदाचं गाणं संपलं. पण कोणी पुढे आलं नाही. कारण विंगेतून ती मुलगी निघाली होती. कडेवर दुपट्यात गुंडाळलेली बाहुली. ती सावकाश चालत दारापर्यंत आली आणि दारासमोर उभी राहिली. मग तिने मान वळवली आणि कीबोर्डकडे बघितलं.

तिला सूर हवा होता. एक सूर. डाव्या हाताचं एक बोट खाली नेलं की झालं. मास्तरांचं बोट त्याच पट्टीवर होतं, तिथे कसं गेलं त्यांना कळलंही नाही. सभागृह शांत झालं. लोकांना वाटलं, हा नाटकाचाच भाग. अध्यक्षांनी मान खाली घातली होती. आणि आई खुर्चीच्या कडेला सरकून, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून, तोंड किंचित उघडं ठेवून बघत होती. तिचेही ओठ गाण्याला तयार झाले होते. तिला ते पाठ होतं.

मुलगी वाट बघत राहिली. तिने अंदाजाने सुरू केलं असतं तर? बेसूर गेली असती, पण शब्द तर बाहेर आले असते. तिच्या मनात ते आलंही असेल. पण तिला शिकवलेलं होतं, आणि शिकवणारे समोरच बसले होते. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

धाकट्या मास्तरांनी दोन्ही हात उचलले आणि गौरवगीताची सुरुवात वाजवली.

जोरात वाजवली. पोरं गोंधळली, मग धावत पुढे आली आणि गायला लागली. त्यांच्या गर्दीत दार झाकलं गेलं. मुलगी कुठे गेली ते दिसलं नाही. सगळं सभागृह उभं राहिलं. म्हातारे काठ्या सावरत उभे राहिले आणि टाळ्यांच्या तालावर गायला लागले. त्यांच्यामध्ये आईही उभी राहिली, कारण सगळेच उभे होते, आणि तिने टाळ्याही वाजवल्या. तिच्या टाळ्यांचा आवाज येत नव्हता.

नंतर किती जणांनी धाकट्यांना मिठी मारली त्याला गणती नाही. "बापाचं नाव राखलंस!" म्हणाले. "दारापाशी ती मुलगी नुसती उभी राहते, काय कल्पना आहे हो! न बोलता सगळं सांगितलंत," असं प्राचार्य चारचौघांत म्हणाले. धाकटे मास्तर सगळ्यांचे आभार मानत होते. आयुष्यभर ज्या कौतुकाची वाट पाहिली ते एकदाचं आलं, आणि ते तोंडात माती भरल्यासारखं लागत होतं.

घरी जाताना आईने त्यांचा हात धरला होता, रस्ता खडबडीत म्हणून. ती रागावेल, रडेल, निदान विचारेल, म्हणून ते जीव मुठीत धरून चालत होते. ती एवढंच म्हणाली, "मुलांनी कष्ट घेतले हो." घरी आल्यावर तिने ठेवणीतले कपडे घडी करून पुन्हा कपाटात ठेवले. त्यांनी दोनदा "आई" म्हटलं. दोन्ही वेळा ती "काय रे?" म्हणाली, इतक्या साध्या आवाजात की त्यांना पुढे बोलता येईना.

रविवारी दुपारी मुलगी आली. धाकटे मास्तर आतल्या खोलीत होते. तिचा आवाज ऐकून ते बाहेर यायला उठले आणि उंबऱ्याशीच थांबले. तिच्यासमोर जायचं कुठल्या तोंडाने?

"आजी, मला माफ करा," ती रडत होती. "मी गाणारच होते. नुसतं बोलून टाकायला हवं होतं मी. सूर गेला खड्ड्यात. आजी, मी सगळ्यांना सांगते. वर्गात सांगते, त्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन सांगते. तुम्ही मला सांगितलेलं सगळं माझ्या लक्षात आहे."

"काय सांगितलेलं?" आई म्हणाली.

"तुम्ही दाराबाहेर उभ्या होतात ते."

"छे गं. मी कुठली दाराबाहेर?" आईचा आवाज शांत होता, पाहुण्यांशी बोलतो तसा. "म्हातारपणी माणूस काहीबाही बोलतं, तू मनावर नको घेऊस. पोर तापाने आतच गेली. मी निरोप पाठवला. ह्यांना तो कळला, डोळ्यांतून धारा लागल्या, पण ह्यांनी ताल सोडला नाही. गाणं पुरं केलं आणि मगच उठले. असा माणूस होता बघ. सगळ्या गावाला माहीत आहे. त्याला विचार हवं तर, आत आहे तो."

मुलीने आतल्या दाराकडे पाहिलं. धाकटे मास्तर तिथेच उभे होते. ती त्यांच्याकडे बघत होती, आईही बघत होती, आणि दोघी त्यांच्या बोलण्याची वाट बघत होत्या.

"हो," ते म्हणाले. "तसंच झालं होतं."